तंबाखू सगळ्यांची, बदनामी ढोलकीवाल्याची

तमाशातला, जलशातला किंवा वरातीच्या बँडमधला एखादा माणूस कॅन्सरनं गेला की त्याच्या दहाव्याच्या आत गावाचा निकाल लागलेला असतो. ‘खात होता ना, मग होणारच.’ थोडी माया असलेले लोक तेच जरा मऊ करून सांगतात, ‘कलावंत माणूस, जिवाला जपलं नाही.’ शोकसभेत पुढारी म्हणतात, ‘कलेसाठी स्वतःला जाळून घेतलं.’ आणि ज्यांच्या हाती काही करण्यासारखं असतं ते म्हणतात, ‘योजना आहेत, पण ही माणसं येतच नाहीत.’ तोंडं वेगळी असली तरी सगळ्यांना सांगायचं एकच असतं, की या मरणाशी आमचा संबंध नाही. अजिंठा, फर्दापूर, सिल्लोड, सोयगाव या आमच्या पट्ट्यात हे इतक्यांदा ऐकलं आहे की त्याला एकदा सविस्तर उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

तंबाखूची बाजू मांडायला मी बसलेलो नाही. तंबाखू, गुटखा, मावा, मशेरी, विडी, दारू या सगळ्यांनी कॅन्सर होतो. तंबाखूचा कणही न घालता नुसती सुपारी वर्षानुवर्षं चघळली तरी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच सुपारीला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हे प्रत्येक फडात आणि प्रत्येक तालमीत सांगितलं गेलं पाहिजे. माझं भांडण आहे ते ‘व्यसन होतं’ एवढं बोलून उठून जाणाऱ्यांशी.

ही तंबाखू एकट्या कलावंताची आहे का? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत असल्याचं आढळलं. बिनधुराची, म्हणजे मळून खायची, दातांना लावायची, पुडीतली, घेणारे २४.४ टक्के होते आणि विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के. दर चार माणसांत एक. त्यात शेतकरी आहेत, ड्रायव्हर आहेत, मास्तर आहेत, हवालदार आहेत, चुलीपुढे बसून मशेरी भाजणाऱ्या आज्या आहेत. सरकारी कचेऱ्यांच्या जिन्यांचे कोपरे कोणी लाल केले हे आपण रोज पाहतो. एवढ्या मोठ्या समाजाची सवय ती. मग तिचा दोष ढोलकीवाल्याच्याच माथी का?

याच आजारानं मोठी माणसंही गाठली आहेत. आर. आर. पाटील, आपले आबा, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कॅन्सरनं गेले तेव्हा ५७ वर्षांचे होते. सारा महाराष्ट्र हळहळला आणि ते रास्तच होतं. शरद पवारांवर २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. ते त्यातून उठले, आणि स्वतःच्या सवयीचा दाखला देऊन तंबाखू-गुटख्याविरुद्ध जाहीरपणे बोलले. त्या बोलण्याचं मोल फार मोठं आहे. यावरून कोणी म्हणालं का, की राजकारणी जात्याच व्यसनी असतात? नाही म्हणालं, आणि म्हणूही नये. कलावंतांमध्येही नाव मोठं असेल तर हाच मान मिळतो. शांताबाई शेळके २००२ मध्ये कॅन्सरनं गेल्या. लोकनाट्यातून घडलेले निळू फुले १३ जुलै २००९ रोजी अन्ननलिकेच्या कॅन्सरनं गेले. ‘विच्छा माझी पुरी करा’ नव्यानं रंगवणारे विजय कदम २०२४ मध्ये कॅन्सरनंच गेले. त्यांच्या बातम्यांत ‘दुर्धर आजाराशी झुंज’ असे शब्द होते. तीच झुंज फडातला संबळवाला देतो तेव्हा तिला व्यसनाची फळं म्हणतात. रोग तोच आहे. बदलते ती मरणाऱ्याची ऐपत आणि बऱ्याचदा त्याची जात. तमाशा, जलसा, गोंधळ, पोतराज, वाघ्या-मुरळी या कला कोणत्या वस्त्यांनी जगवल्या हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून हा मुद्दा झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आणि तंबाखूनं कलेला जे विकत घेतलं त्याचं काय? या शतकाच्या सुरुवातीला हिंदी सिनेमाच्या सर्वांत झगमगत्या पुरस्कारांच्या पाटीवर ‘माणिकचंद फिल्मफेअर’ असं लिहिलेलं असायचं. गुटख्याचं नाव, तेही आपल्या पुण्याच्या उद्योगाचं. देशभरातले नामवंत त्या पाटीखाली उभे राहून बाहुली स्वीकारत होते आणि ते घराघरांत दिसत होतं. २०१२ च्या जुलैत महाराष्ट्रानं गुटख्यावर बंदी घातली. पण त्याआधीच्या वर्षांत ज्या पोरांनी ती पुडी फोडायला सुरुवात केली, ती आज तिशी-चाळिशीत आहेत. त्यातली काही ढोलकी वाजवतात. त्यांच्या गालावर जखम उमटेल तेव्हा आपण त्यांनाच विचारणार, की तुला कळत नव्हतं का?

कलावंताचं काम कसं असतं ते पाहा. फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला परततो. सात-आठ महिने. सुरुवातीला मालकाकडून उचल घ्यायची आणि ती हंगामभर फेडत राहायची. एका गावात पहाटेपर्यंत खेळ, मग तंबू उतरवायचा, ट्रक भरायचा, सामानावरच अंग टाकायचं, दुसऱ्या गावात दुपारी खांब रोवायचे, मिळेल तेव्हा भाकरी खायची, आणि रात्री पुन्हा गण, गवळण, बतावणी, वग. झोप आणि भूक या दोन्ही गोष्टी वेळेवर मिळतील अशी या कामाची रचनाच नाही. तंबाखूतलं निकोटिन भूक मारतं आणि मेंदूला जागं ठेवतं, म्हणून अशा कामात ती हातात येते. ऊसतोडीच्या फडात येते, रात्रीच्या ट्रकमध्ये येते, तशीच तमाशाच्या फडातही येते. पुडी स्वस्त असते, पोटभर जेवण महाग. ज्याला आपण व्यसन म्हणतो त्याचा बराचसा भाग या माणसांच्या दृष्टीनं कामाचं हत्यार आहे. ते हत्यार जीव घेतं, हे खरंच. पण हातातून ते काढून घ्यायचं तर त्याच्या जागी जेवण आणि झोप द्यावी लागेल, आणि तिथं कोणी बोलत नाही.

रात्रीच्या कामाबद्दलही एक गोष्ट. रात्रपाळीला त्याच कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तेच मत कायम ठेवलं. त्यामागचे अभ्यास परिचारिका आणि कारखान्यातल्या कामगारांचे आहेत, म्हणून तमाशाबद्दल मी त्यावरून छातीठोक काही बोलणार नाही. पण रात्रीचं जागरण शरीराला किती महाग पडतं याचा विचार जगभर चालू असताना, रात्र हाच ज्यांचा दिवस आहे त्यांचा त्या विचारात समावेशच नसावा, हे मला खटकतं. बँडवाल्यांचं दुखणं आणखी निराळं. भर वैशाखात जाड गणवेश घालून ते वरातीत चालतात. मागे ढकलगाडीवर दिव्यांसाठी जनरेटर धडधडत असतो आणि त्याचा डिझेलचा धूर क्लॅरिनेट फुंकणाऱ्याच्या छातीत जातो. फुंकायचं म्हणजे श्वास खोल घ्यायलाच हवा. डिझेलचा धूर २०१२ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे. हा बँडवाला तंबाखूला न शिवणारा असला तरी त्या धुरातून सुटत नाही.

धुराचं निघालंच आहे तर रॉय कॅसल यांची गोष्ट सांगायला हवी. इंग्लंडमधला हा ट्रम्पेटवादक, नट, दूरदर्शनवरचा लाडका निवेदक. आयुष्यात सिगारेट ओढली नाही. फुफ्फुसाचा कॅन्सर झाला तेव्हा त्यानं उघडपणे सांगितलं की वर्षानुवर्षं धुरानं भरलेल्या जॅझ क्लबांमध्ये ट्रम्पेट वाजवला, तो धूर दुसऱ्यांचा होता. १९९४ मध्ये तो गेला. त्याच्या नावाची फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी काम करणारी संस्था आजही चालते, आणि २००७ मध्ये इंग्लंडनं बंदिस्त कामाच्या जागी धूम्रपान बंद केलं तेव्हा त्याची आठवण काढली गेली. त्या देशानं वादकाकडे कामगार म्हणून पाहिलं. क्लब ही त्याची कामाची जागा, आणि तिथली हवा ही मालकाची जबाबदारी.

आपल्याकडे कायदा त्याच्याही आधीचा आहे. तंबाखू नियंत्रण कायदा २००३ चा. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नवे नियम लागू आहेत आणि त्यासाठी २०० रुपयांपर्यंत दंड आहे. तिकीट काढून आत जायचा तमाशाचा तंबू सार्वजनिक ठिकाण नाही तर काय आहे? पण पुढच्या रांगेत बसून विडी पेटवणाऱ्या रसिकाला कोणी टोकलेलं मला आठवत नाही. गाणारी बाई त्याच धुरात तान घेते. सात-आठ महिने, जवळपास रोज रात्री. तिला पुढे काही झालं तर तिनं कोणतं व्यसन केलं होतं?

आमच्या अजिंठ्यात ही गोष्ट फार ठळकपणे दिसते. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाचा प्रसंग रंगवलेला आहे. त्यात एक नर्तकी नाचते आहे आणि तिच्याभोवती बासरी आणि तालवाद्यं वाजवणाऱ्या बाया आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा फड. त्याला इजा होऊ नये म्हणून आपण काय काय करतो! खाजगी गाड्या फर्दापूर फाट्याजवळ, चार किलोमीटर अलीकडे थांबतात आणि तिथून लोकांना बसनं नेतात, कारण गाड्यांचा धूर रंगांना लागू नये. आत फ्लॅश चालत नाही, पादत्राणं चालत नाहीत, गर्दीवर मर्यादा आहे, दिवे मंद आहेत. १९८३ मध्ये लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली. पुढे जपानच्या कर्जातून जतन आणि पर्यटनाचा मोठा प्रकल्प झाला. हे सगळं योग्यच आहे आणि यातला एक रुपयाही कमी करा, असं मी म्हणणार नाही. मी फक्त एवढंच विचारतो, की भिंतीवरच्या वादकाला धूर लागू नये म्हणून चार किलोमीटरवर गाडी थांबवणारं शासन, त्याच डोंगराच्या पायथ्याशी जत्रेत वाजवणाऱ्या जिवंत वादकासाठी तंबूच्या दारावर ‘विडी ओढू नका’ अशी पाटीसुद्धा का लावून घेत नाही?

आता ‘ही माणसं येतच नाहीत’ या तक्रारीकडे वळतो. ती वरवर खरी आहे, म्हणूनच जास्त घातक आहे. तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे बहुतेकदा वाढलेल्या अवस्थेतच डॉक्टरांपुढे येतो, आणि कलावंत त्याला अपवाद नाहीत. पण उशीर का होतो?

गाणाऱ्याचा आवाज बसणं ही रोजची गोष्ट. रात्रभर ओरडून गायलं की सकाळी घसा बसतो, ज्येष्ठमध चघळायचं, हळदीचं दूध प्यायचं, आणि रात्री पुन्हा उभं राहायचं. डॉक्टर सांगतात, आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर स्वरयंत्र तपासून घ्या. ज्या माणसाचा आवाज हंगामभर बसलेलाच असतो त्यानं हे तीन आठवडे कधीपासून मोजायचे? दुखण्याची पहिली खूण त्याच्या पेशातच विरघळून जाते. तसंच तोंडाचं. सुपारीनं गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं, तोंड पुरतं उघडेनासं होतं, तिखट सोसेनासं होतं. शिवना-सिल्लोडच्या मिरचीच्या मुलखातल्या माणसाला ठेचा झोंबू लागला तर ‘उष्णता झाली’ म्हणून तो ताक पितो. तोंडात पांढरा चट्टा आहे हे त्याला दिसत नाही, कारण फडातल्या पेटीतल्या आरशात तो चेहरा रंगवतो, जीभ उचलून बघत नाही. ते कोणी शिकवलेलंच नसतं.

आणि समजा, शंका आलीच. पुढे काय? छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. २०१२ मध्ये सुरू झालेलं, टाटा मेमोरियलच्या सहकार्यानं वाढलेलं, मराठवाड्याबरोबरच खानदेश आणि बुलढाण्याकडच्या गरिबांचाही आधार झालेलं. तिथल्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण अजिंठ्याहून ते सुमारे शंभर किलोमीटर. किरणोपचार म्हणजे सहा-सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस. फडात असलेल्या माणसानं हे कसं करायचं? उचल अंगावर आहे. मध्येच फड सोडला तर पुढच्या वर्षी मालक घेईल की नाही ठाऊक नाही. बरोबर राहायला घरचं एक माणूस लागेल, म्हणजे दुसरीही मजुरी बुडाली. त्यात शस्त्रक्रियेची भीती. इतरांची जीभ, जबडा किंवा स्वरयंत्र जाणं ही भयंकर गोष्ट आहे, पण शाहिराचा आवाज गेला तर त्याचं दुकानच गेलं. सनईवाल्याच्या ओठांना टाके पडले तर पिपाणी धरायची कशात? म्हणून तो थांबतो, हंगाम उरकू दे म्हणतो. ‘येतच नाहीत’ म्हणणाऱ्यांनी स्वतःला त्या ट्रकमध्ये बसवून एकदा हा हिशेब करून पाहावा.

यातली सर्वांत वाईट गोष्ट ही की थांबण्यानंच ते सगळं खरं होतं. स्वरयंत्राचा कॅन्सर अगदी सुरुवातीला सापडला तर बहुतेक वेळा नुसत्या किरणोपचारानं किंवा लेझरच्या छोट्या शस्त्रक्रियेनं आटोक्यात येतो आणि आवाज राहतो. उशीर झाला की स्वरयंत्रच काढावं लागतं. म्हणजे लवकर तपासणी ही गायकाच्या जिवाइतकीच त्याच्या गळ्याचीही राखण आहे. ‘व्यसन सोडा’ या भाषणाऐवजी ‘तुमचा आवाज वाचवता येतो’ हे वाक्य कलावंतांपुढे कोणी बोललं असतं, तर मला वाटतं, पुष्कळ जण आपण होऊन आले असते.

बायांच्या बाबतीत तर हा निकाल अधिकच क्रूर होतो. लावणी करणाऱ्या बाईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला की कुजबुज सुरू होते आणि रोगाच्या नावानं तिच्या चारित्र्याचा पंचनामा होतो. हा कॅन्सर ज्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो तो इतका सर्वसाधारण आहे की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होऊन जातो. तो कला केंद्राची पायरी बघून येत नाही. हा रोग लवकर पकडता येतो, हे तर आपल्याच मातीत सिद्ध झालं आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साथीनं सुमारे १ लाख ३१ हजार बायांचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एचपीव्हीची एकच तपासणी केलेल्या गटात वाढलेला कॅन्सर आणि त्यातून होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलनं आणखी साधी पद्धत वापरली. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासलं. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पुण्याच्या सीरमची स्वदेशी लस २०२३ मध्ये बाजारात आली. मराठवाड्यातल्या शेतकरी बायांनी जगाला जे शिकवलं ते मराठवाड्यातल्याच नाचणाऱ्या बाईपर्यंत पोचू नये, यात तिचं चारित्र्य कुठे येतं?

योजनांचंही बोलतो, कारण त्या नाहीत असं म्हणणं खोटेपणा होईल. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये सुरू झाली, २०१७ पासून ती महात्मा फुले जनआरोग्य योजना झाली, आणि आता तिचं कवच पाच लाखांचं आहे. कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार त्यात बसतात. हजारो घरं तिनं कर्जातून वाचवली असतील. ज्येष्ठ कलावंतांना मानधन मिळतं आणि २०२४ मध्ये ते सरसकट पाच हजार रुपये झालं, हेही चांगलं झालं. पण मानधनाला वयाची पन्नाशी लागते आणि कॅन्सर पन्नाशीची वाट पाहत नाही. आरोग्य योजना ऑपरेशनचं बिल भरते. बुडालेला हंगाम, अंगावरची उचल, सात आठवड्यांचं भाडं आणि जेवण भरत नाही. तिला कागद लागतात, आणि ज्यांचं आयुष्य पालावर गेलं त्यांचा आधार एका गावचा, रेशनकार्ड दुसऱ्या गावचं आणि मुक्काम तिसऱ्या गावी. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासायची सरकारी मोहीम आहे. आशाताई घरोघर जाऊन फॉर्म भरतात. ज्या दिवशी आशाताई दारात येते त्या दिवशी ढोलकीवाला तीनशे किलोमीटरवर कुठल्या तरी जत्रेत असतो. फॉर्मवर ‘घरी नाही’ अशी नोंद होते आणि पुढचं वर्ष निघून जातं.

ज्यांचं नाव अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक होतं त्यांचंही काय झालं ते विसरू नये. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींकडून गौरव. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या आणि रुग्णालयाचं बिल लोकांच्या देणग्यांतून भागवावं लागलं. त्यांचा आजार निराळा असेल, मुद्दा बिलाचा आहे. तमाशासम्राज्ञीची ही गत, तर तिच्या मागे उभं राहून तुणतुणं छेडणाऱ्याची काय असेल?

काही जण म्हणतील, जगभर कलावंतांचं असंच असतं. नसतं. अमेरिकेत कंट्री म्युझिक नावाची त्यांची गावाकडची गाणी आहेत आणि तमाशाला जसं नारायणगाव, तसं त्या गाण्यांना नॅशव्हिल. तंबाखूनं तिथंही मुक्काम ठोकला होता. ‘ग्रँड ओल ऑप्री’ या त्यांच्या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमाचा देशभर ऐकला जाणारा भाग १९३९ पासून प्रिन्स अल्बर्ट नावाच्या तंबाखूच्या पैशावर चालला, आणि १९८० च्या दशकात मार्लबरो सिगारेटनं कंट्री गायकांचे दौरे भरवले. कॅन्सरनं तिथली माणसंही नेली. टोबी कीथ हा मोठा गायक २०२४ च्या फेब्रुवारीत पोटाच्या कॅन्सरनं गेला. पण त्याच ऑप्रीनं १९६५ मध्ये एक निधी उभारला, जो अडचणीतल्या कंट्री कलावंतांची रुग्णालयाची बिलं आणि घरभाडं देतो. त्यात नामांकित गायकाच्या मागे गिटार वाजवणारा, रेकॉर्डिंगपुरता बोलावलेला वादकही मोजला जातो. तिथली आरोग्यव्यवस्था आपल्यापेक्षा दयाळू आहे असं मुळीच नाही. गरिबाला ती पिळूनच काढते. म्हणून तर त्या लोकांनी आपल्या माणसांसाठी आपण होऊन सोय केली. आपल्याकडे सिनेमा, मालिका, रिॲलिटी शो यांनी लावणी, गोंधळ आणि पोवाडा किती वर्षं वापरला? त्या कमाईतला एक वाटा ज्यांच्याकडून ही गाणी घेतली त्यांच्या औषधपाण्यासाठी बाजूला काढावा, असं कोणा निर्मात्याला सुचायला काय हरकत होती?

शेवटचा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. शेतकऱ्यालाही कॅन्सर होतो, मजुरालाही होतो, मग कलावंतासाठीच वेगळी मागणी का? उत्तर असं, की वेगळी मागणी इतर कामगारांनी कधीच केली आणि ती मान्यही झाली. महाराष्ट्रानं माथाडींसाठी १९६९ मध्ये कायदा केला. विडी वळणाऱ्यांच्या कल्याण निधीचा कायदा १९७६ चा आणि सिनेकामगारांचा १९८१ चा. प्रत्येक वेळी मान्य केलं गेलं की या कामाला त्याचा असा धोका आहे आणि या माणसांना कायमचा मालक नाही. विडी वळणारीला निधी मिळाला, ते न्याय्यच झालं. त्या विडीचा धूर गिळत गाणारीसाठी असा कायदा नाही. तिचं काम काम आहे, हे अजून कोणी मान्य केलेलं नाही. पावसाळ्यात ती निंदणी-खुरपणीला जाते, म्हणून रुग्णालयाच्या केसपेपरवर व्यवसायापुढे ‘शेतमजूर’ लिहिलं जाण्याचीच शक्यता जास्त. तिथं ‘लोककलावंत’ लिहायला सुरुवात झाली पाहिजे. मराठवाड्यातली कर्करोग नोंदणी गेली कित्येक वर्षं काम करते आहे. पेशा नीट लिहिला गेला तर या लोकांचं दुखणं आकड्यांत दिसू लागेल.

खर्चाची भीती कोणी घालू नये. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडं नुसती उजेडात उघडून पाहिली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले आणि तो निष्कर्ष २००५ मध्ये छापून आला. त्याला लागते एक बॅटरी, लाकडी पट्टी आणि शिकवलेला माणूस. आपल्याकडे बुद्धपौर्णिमा ते दसरा फड घरी असतात, म्हणजे चार-पाच महिने हातात आहेत. अजिंठ्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि सिल्लोडच्या उपजिल्हा रुग्णालयात या काळात कलावंतांसाठी दिवस ठरवा. नारायणगावात पाडव्याच्या आसपास खेळांच्या सुपाऱ्या घेण्यासाठी फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच तिथं येतात. त्या राहुट्यांच्या रांगेत एक राहुटी डॉक्टरांची असू द्या. फडमालकांनी उचलीच्या कागदात एक ओळ घालावी, की उपचारासाठी फड सोडणाऱ्याची उचल पुढच्या हंगामावर जाईल. सुपारीच्या करारात यात्रा कमिटीनं लिहून द्यावं, की तंबूत विडी ओढू दिली जाणार नाही आणि कोणी ओढलीच तर खेळ थांबेल.